बेरिल आणि काळ्या माश्या

बेरिल हॉस्किन्स माणसांना नावं ठेवायची आणि माश्यांना नावं द्यायची. आमच्या हेरफर्डशायर परगण्यात कुणी बागेत, कुंपणावर, चर्चच्या आवारात एखादी माशी पाहिली आणि तिची नोंद पाठवली, की ती बरोबर की चूक हे बेरिल ठरवायची. चौदा वर्षं, बिनपगारी. त्याआधी ती शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवण वाढायची. आवाज दोन्हीकडे तोच. मी तिची शेजारीण. तिला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे वसंतात माझी गाडी तिचीच असते.

मार्चमध्ये ओढ्याकाठच्या विलोच्या झाडांना पिवळी फुलं आली, की लोकांचे फोटो यायला लागायचे आणि बेरिलचं डोकं फिरायला लागायचं.

"ही मधमाशी आहे. ही पण मधमाशी. आणि हे बघ, हे बघ जरा! हा मनुका आहे, सिल्विया! खिडकीत पडलेला मनुका! आणि वर विचारतोय, नर की मादी?"

या सगळ्यांत तिला सर्वांत जास्त छळणारा टेरी प्रॉसर. दगडाच्या खाणीवर यंत्र चालवणारा, पंचेचाळिशीचा, दारातून वाकून आत येणारा गडी. लहानपणी बेरिलच्या हातचं कस्टर्ड ताटात टाकून पळायचा, आणि तिला अजून 'मिस'च म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत त्याला माश्यांचा नाद लागला. तेव्हापासून रोज काहीतरी पाठवायचा.

गेल्या एप्रिलमध्ये त्यानं एका लहान काळ्या माशीची नोंद पाठवली. फुलांवर जागच्या जागी तरंगतात त्यांतली. या काळ्यांचा गोतावळा मोठा आणि सगळ्या दिसायला सारख्या. त्यांना ओळखताना पहिलाच प्रश्न असतो, डोळ्यांवर केस आहेत की नाहीत? टेरीनं लिहिलं होतं, आहेत. बेरिलनं उत्तर दिलं, नाहीत, ही आपली नेहमीची बिनकेसांची, पुन्हा नीट पाहा. त्यानं पुन्हा पाठवली. तिनं पुन्हा नाकारली.

शनिवारी सकाळी तो स्वतःच आला. हातात काड्यापेटी, आत टाचणीला लावलेली माशी. मी चहा पीत बसले होते.

"मिस, एकदा बघा ना."

"टेरी, चौदा वर्षं मी ही माशी बघतेय. ती मला लांबून कळते."

"लांबून नका बघू. मायक्रोस्कोपखाली बघा."

बेरिलनं कपाळाला हात लावला, माझ्याकडे बघून डोळे फिरवले आणि माशी भिंगाखाली ठेवली. "नाहीत केस. झालं समाधान?"

"दिवा वरून आहे तुमचा. बाजूनं धरा."

"आता तू मला दिवा धरायला शिकवणार?"

त्यानं टेबलावरचा दिवा उचलला आणि आडवा धरला. बेरिलनं पुन्हा डोळा लावला. मी बिस्कीट बुडवलं होतं ते तुटून कपात पडलं, तरी तिचा डोळा भिंगावरून हलेना. मग म्हणाली, "घरी जा, टेरी."

"पण मिस..."

"आहेत! केस आहेत! आता जा!"

तो गेल्यावर तिनं कपाटातून जुन्या पेट्या काढल्या. चौदा वसंतांतल्या काळ्या माश्या एकेक करून आडव्या उजेडात पाहिल्या. तीन दिवस लागले. मी जेवण नेऊन द्यायचे, ते तसंच राहायचं. फिकट, बारीक केस. वरून उजेड पडला की दिसतच नाहीत. निम्म्याहून जास्त माश्यांना तिनं चुकीचं नाव दिलं होतं.

"मी बघितलंच नाही गं," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी बघितलं असेल. मग ओळखीच्या झाल्या, आणि मी बघायचंच सोडलं. मूर्ख बाई!"

ज्यांच्या नोंदी तिनं खोडल्या होत्या, त्यांना तिनं पत्रं लिहिली. ऑल्वेन टजला मात्र फोन केला, कारण ऑल्वेनला तिनं तीनदा 'पुन्हा नीट पाहा' लिहिलं होतं आणि ऑल्वेन तीनही वेळा बरोबर होती.

"ऑल्वेन, चूक माझी होती. या वसंतात परत सुरू करतेस का? मी स्वतः येते तुझ्याकडे."

पलीकडचं मलाही ऐकू आलं. "नको, बेरिल. मी जाळी, पुस्तकं, सगळं देऊन टाकलं. आता मी विणते. विणकामात कुणी पुन्हा पाहा म्हणत नाही."

बेरिलनं फोन ठेवला आणि ओट्यावरची स्वच्छ भांडी पुन्हा घासायला काढली.

मग तिनं दुरुस्त्यांची यादी देशभराच्या नोंदी ठेवणाऱ्यांना पाठवली. तिथल्या कुणा तरुण बाईचं उत्तर आलं: एवढे बदल नुसत्या शब्दावर करता येणार नाहीत, कृपया प्रत्येक नमुना तपासणीसाठी पाठवावा.

"प्रत्येक!" बेरिल किंचाळली. "माझ्या शब्दावर विश्वास नाही म्हणे! कोण समजते ही स्वतःला?"

टेरी पेट्या बांधायला आला होता. तो दोरी ताणत म्हणाला, "बरोबरच आहे तिचं, मिस."

"तू गप्प बस. आणि ती गाठ नीट मार." मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या वर्षापासून काळ्या माश्या तू तपासायच्या. सगळ्या. मला एकही दाखवायला आणू नकोस."

टेरी कानापर्यंत लाल झाला. गाठ काही त्याला नीट जमली नाही.

सोमवारी मी तिला पोस्टात घेऊन गेले. मागे सात-आठ जणांची रांग. खिडकीतल्या माणसानं पेट्या वजनाला ठेवल्या आणि विचारलं, "आत काय आहे?"

"मेलेल्या माश्या."

त्यानं वर पाहिलं. "नीट सांगा, बाई. फॉर्मवर लिहावं लागतं."

"मेलेल्या माश्या!" बेरिल सगळ्या पोस्टाला ऐकू जाईल अशी ओरडली. "काळ्या! केसाळ डोळ्यांच्या! लिहा!"

त्यानं लिहिलं.