वैजूने पुसलेलं वाक्य

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढेसुद्धा नाही. तुम्हाला सांगते — पण कीव करत ऐकणार असाल, तर आत्ताच उठा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी हुबळीत मराठी शाळेत बाई होते. शुक्रवारचा शेवटचा तास माझा — चांगुलपणाचा. आठवड्यात कुणासाठी काय केलंत, ते पोरांनी स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहायचं. कुणी अक्काची घागर उचललेली, कुणी बसमध्ये जागा दिलेली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. कल्पना माझीच. छान होती की! अजूनही म्हणते.

आणि घरी? घरी सासूबाई होत्या. नवरा कलघटगीला नोकरीत, शनिवारी यायचा. केशवापुरातल्या घराला मी रोज सकाळी कुलूप घालायची — सासूबाईंना बाहेर पायरीवर बसवून. शेजारी डबा, तांब्याभर पाणी. शाळा, मग शिकवण्या; परतायला सहा वाजायचे. का? कारण होतं. दोन-तीन होती. एकही सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच मान डोलवाल, आणि मला ते नको आहे.

चौथीत वैजू होती — दोन वेण्या, बारीक आवाज. त्या शुक्रवारी तिने खडू घेतला आणि लिहिलं, ‘कुलूप लावलेल्या घराच्या पायरीवर एक आज्जी बसते. घरी जाताना मी तिला माझ्या बाटलीतलं पाणी देते.’ ते घर कुणाचं, हे तिला ठाऊक नव्हतं. वळून म्हणाली, “रोज देते, बाई. केशवापुरात हिरव्या दाराचं घर आहे बघा.”

शेजारच्या वर्गाच्या बाई हळदीकुंकवाला माझ्याकडे येऊन गेल्या होत्या. फळा सोमवारपर्यंत तसाच राहायचा. त्यांनी वाचलं असतं, आणि कुठलं घर म्हणून वैजूला विचारलं असतं तर?

“टाळ्यांसाठी थापा मारतेस? पूस ते!”

“शप्पथ बाई, खरंच—”

“पूस म्हणते ना!”

तिने पुसलं. डस्टर समोर होतं, तरी तळहाताने पुसलं. वर्ग हसला. पुढे वर्षभर पोरं तिला ‘थापाडी’ म्हणायची. मला ऐकू येत होतं. थांबवलं का? नाही.

तिने घरी जायचा रस्ता बदलला. सासूबाई विचारायला लागल्या, “ती पोर येईना गं. आजारी पडली की काय?” मी म्हटलं, गावाला गेली असेल. आठवडाभर विचारत होत्या. मुलाला मात्र शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत — ना पायरीचा, ना कुलपाचा. तशाच गेल्या.

तो तास मी पुढे बारा वर्षं घेतला, आणि फक्कड घेतला, हं! निवृत्तीला शाल-श्रीफळ मिळालं. भाषणात म्हणाले, बाईंनी पोरांना माणुसकी शिकवली. मी हात जोडले. शाल थंडीत वापरते. परत देणार नाही.

शिव्या द्यायच्या तर द्या, मी कान झाकणार नाही. फळ्यावरचं तेवढं परत लिहिते — वैजू खरं बोलत होती. ते हिरवं दार माझं होतं, आणि कुलूपही माझंच.