बसलेल्या माणसाच्या उंचीचे दिवे

अक्कलकोट रोडला अण्णांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. मी तिथे सात वर्षं काम केलं. नवी गाडी घेतली की पोरं आठवड्याच्या आत आमच्याकडे यायची. पायाशी निळा उजेड पाहिजे, दरवाजाच्या कप्प्यात लाल, डॅशबोर्डच्या कडेनं बारीक पांढरी रेघ. दुसरीकडे स्वस्तात बसवून घेतलेली पट्टी महिन्याभरात जळून काळी पडली की तीच पोरं तोंड पाडून परत आमच्याच दारात. अण्णा गाडीत डोकं घालून वायर कुठून काढलीय ते बघायचे आणि म्हणायचे, "आधी फ्यूज, मग फ्याशन." गिऱ्हाईक हसायचं. अण्णा हसत नसत. एका गाडीच्या सीटखालची वायर पेटलेली त्यांनी पाहिली होती.

मी भंडाऱ्याकडचा. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, गणिताच्या भीतीनं, आणि घरच्यांनीही परत ओढून नेलं नाही. हायवेच्या कामावर लाईटवाल्याच्या हाताखाली फिरत फिरत सोलापूरला आलो. काम संपलं, कंपनीचा तळ पुढे गेला आणि मी इथेच राहिलो. अण्णांनी मला ठेवून घेतलं. कागद मागितले नाहीत, जातपात विचारली नाही. एवढंच विचारलं, सोल्डरिंग येतं का? मी हो म्हणालो. येत नव्हतं. त्यांना ते पहिल्या तासातच कळलं असणार, पण बोलले नाहीत. त्यांच्या घरी ज्वारीची भाकरी. मी धानाच्या मुलखातला, भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नसे. वैनी, म्हणजे अण्णांच्या मिसेस, माझ्यापुरता भात वेगळा लावून डब्यातून पाठवायच्या. सात वर्षं. उपकाराखाली राहणाऱ्या माणसाला एक धास्ती कायम असते, ती मलाही होती. आपल्या हातून यांचं काही जळायला नको.

मग अण्णांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. हात सुजायचे, बोटं थरथरायची, सोल्डरचा बारीक टाका त्यांच्यानं होईना. त्याच सुमारास त्यांच्या समाजानं, लिंगायत समाजानं, अंत्ययात्रेसाठी एक जुनी व्हॅन घेतली. दोन्ही बाजूंना मोठ्या काचा, पण त्यांवर काळी फिल्म, आणि आत अंधार. काचेला नाक लावलं तरी गेलेल्या माणसाचं तोंड नीट दिसत नाही, अशी लोकांची तक्रार. अण्णांनी बैठकीत सांगून टाकलं, आतले दिवे मी करतो, ती माझी सेवा. घरी येऊन मला म्हणाले, "हात तुझा, डोस्कं माझं. लवकर करू. पहिला पॅसेंजर मीच हाय."

वैनींनी ते ऐकलं. हातातलं ताट तिथेच ठेवून आत गेल्या. थोड्या वेळानं बाहेर आल्या आणि अण्णांकडे न बघता मला म्हणाल्या, "करायचंच असंल तर नीट कर. मधीच इझायला नगं."

डॉक्टर काय म्हणाले होते ते मला ठाऊक होतं, कारण दवाखान्यात ने-आण मीच करायचो. तेव्हा त्या गाडीतला उजेड कुणाच्या तोंडावर पडणार, हे आम्हा तिघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फक्त अण्णाच ते बोलून दाखवत.

एकदा अण्णांना डायलिसिसला सोडून आलो आणि एकट्यानं काम उरकायचं ठरवलं. त्यांना चकित करावं, असा वेडेपणा डोक्यात होता. तयार पट्टी वापरायची नाही हे त्यांनी बजावलं होतं, कारण सोलापूरच्या उन्हात बंद गाडीत तिचा गोंद सुटतो. म्हणून सुटे एलईडी घेतले. तीन-तीनची एक ओळ आणि प्रत्येक ओळीला करंट आवरणारा एक रेझिस्टर. त्याचा हिशोब दर वेळी अण्णा करायचे. या वेळी मी केला. तीन दिवे मिळून साडेनऊच्या वर थोडे व्होल्ट खातात, बारातले उरले जेमतेम अडीच, त्याला करंटनं भागून रेझिस्टरचा आकडा काढला. एकशे वीस. तीनदा ताळा केला, बरोबर आला. आठवीत सोडलेला भागाकार मला जमला, या आनंदात मी आठ ओळी टाकल्या, फ्यूज घातला आणि बाकावरच्या बॅटरीला लावून बघितल्या. लख्ख लागल्या. मग त्या व्हॅनमध्ये नेऊन, गेलेल्या माणसाला ठेवायच्या चौथऱ्याच्या दोन्ही कडांना, फळीच्या लगत, वीतभर उंचीवर बसवल्या.

चौथऱ्याला मागे एक पाठ होती, खुर्चीला असते तशी, आणि तिला पट्टे अडकवायच्या कड्या. मला वाटलं, हार अडकवायला असतील.

संध्याकाळी चारच्या सुमाराला मी अण्णांना दवाखान्यातून रिक्षानं थेट व्हॅनपाशी आणलं. डायलिसिसनंतर ते पार पिळून निघालेले असत. तरी व्हॅनच्या ड्रायव्हरच्या खांद्याला धरून आत चढले. दिवे बघितले. मग वळून त्या पाठीला टेकून चौथऱ्यावर मांडी घालून बसले आणि आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिले. उजेड तिथवरच होता. वर छाती अंधारात, तोंड अंधारात.

"मला झोपवून न्यायचा इचार हाय का रे तुझा?"

ड्रायव्हर हसला. त्यानंच मग मला सांगितलं, यांच्यात माणसाला आडवा नेत नाहीत. बसवून, सजवून, कपाळाला विभूती लावून नेतात, आणि बसवूनच पुरतात. सात वर्षं मी या लोकांत राहिलो होतो. त्यांच्या लग्नांत जेवलो होतो. पण मयतीला एकदाही गेलो नव्हतो. लग्नाला परक्या माणसाला बोलावणं येतं, मयतीला त्यानं आपणहून जायचं असतं, आणि असल्या ठिकाणी माझे पाय मागेच राहतात. रस्त्यानं कुणाची मिरवणूक चालली की मी मान खाली घालून उभा राहायचो. वर बघितलं असतं तर दिसलं असतं. आमच्याकडे माणूस तिरडीवर आडवा जातो. माझ्या डोळ्यांपुढे तेवढंच होतं आणि दिवेही त्याच उंचीला बसवले होते.

अण्णा म्हणाले, असू दे, आता गाडी चालू कर. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. दिवे एकदम तेज झाले. मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. चार-पाच मिनिटांत डावीकडची एक ओळ पिवळसर पडली, फडफडली आणि गेली. मागोमाग दुसरी. करपल्याचा वास गाडीत भरला.

अण्णा बसल्या जागेवरूनच बोलले. रागाचा आवाज नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "बारा हे बॅटरीवर लिवायला असतंय. इंजिन चाललं की चौदाच्या वर जातंय. तुझ्या आकड्याला दुप्पट करंट गेला बघ."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पोरांच्या गाड्यांत मीच मीटर लावून चौदा पॉईंट चार मोजलेले होते. पण हिशोब आपल्याला आला, याच्या नादात गाडी विसरलो.

मी उतरायला हात पुढे केला, पण अण्णा उठले नाहीत. "खडू घे. बसलोच हाय तर माप घे की." आणि त्यांनी पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले, मान किंचित वर केली, आणि डोळे मिटले. मी त्यांच्या दोन्ही बाजूंनी खांद्याच्या वर, कानाच्या रेषेत, काचेच्या कडेच्या पत्र्यावर खडूच्या खुणा केल्या. माझा हात त्यांच्या कानाला लागला, गार होता. ड्रायव्हर खाली उतरून लांब जाऊन उभा राहिला. डोळे न उघडता अण्णा म्हणाले, "जरा खाली घे. त्या वक्ताला मान पडती."

मी खुणा चार बोटं खाली घेतल्या.

नंतरचं काम त्यांनी जवळ खुर्ची टाकून करून घेतलं. प्रत्येक ओळीला दोनशे सत्तरचा रेझिस्टर, उजेड थोडा कमी झाला तरी चालेल. दिवे अल्युमिनियमच्या पट्टीवर, म्हणजे ताप पसरेल. प्रत्येक ओळ वेगळी, म्हणजे एक गेली तरी बाकीच्या राहतील. मग भर उन्हात, दारं लावून, इंजिन दोन तास चालू ठेवलं. मी दर दहा मिनिटांनी आत जाऊन आठही ओळी हातानं चाचपत होतो. एकही गेली नाही. तरी त्या रात्रीपासून मला झोप नीट लागेना.

दीड महिन्यानं अण्णा गेले. पहाटे गेले आणि दुपारी बारा वाजता काढायचं ठरलं. त्यांना आंघोळ घालून, नवं धोतर नेसवून, विभूतीचे पट्टे ओढून बसवलं होतं. गाडीत दोन्ही बाजूंनी धरायला दोन माणसं लागतात. एका बाजूला पुतण्या बसला. दुसऱ्या बाजूला कोण, यावर घरच्यांत कुजबुज झाली, तेव्हा वैनी दारातून म्हणाल्या, "त्याला बसवा. वायरी त्याच्या हायत." मी परका, वरून चुकांचा माणूस. पण कुणी नाही म्हटलं नाही.

मिरवणूक पायी चालीनं निघाली. ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं, थांबलास तरी इंजिन बंद करू नको. एका हातानं मी अण्णांचा दंड धरला होता. काचांवरची काळी फिल्म समाजानं मधल्या काळात काढून टाकली होती, आणि बाराच्या उन्हात गाडीत इतका उजेड होता की दिवे लागलेत की नाही हेच कळेना. दुसऱ्या हाताच्या तळव्याची सावली धरून एकेक ओळ बघावी लागत होती. एक, दोन, तीन. आठवी पुतण्याच्या पाठीमागे होती, दिसत नव्हती. त्याला सारखं पुढे सरायला सांगून पट्टी चाचपायचो, कोमट लागली की जीव खाली पडायचा. पुतण्या एकदा वैतागून म्हणाला, "बघा की जरा त्यांच्याकडं." मी हो म्हणालो आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. चौकाचौकांत गाडी थांबली, काचेबाहेर माणसं हात जोडून उभी राहिली, बायकांनी दारातून फुलं टाकली. रुद्रभूमीपर्यंत, म्हणजे त्यांच्या दफनाच्या जागेपर्यंत, आठच्या आठ ओळी चालू होत्या.

तिथे चार माणसांनी अण्णांना उचलून नेलं. खड्ड्याभोवती घरच्यांची, समाजाची गर्दी. मी पार मागे. पुढे जाऊन बघायला धजलो नाही.

तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. वैनींनी भात वाढला. मी जेवत असताना समोर बसून होत्या. म्हणाल्या, "मी दारातनंच बघितलं, मला लांबनं काय दिसलं न्हाय. तू तर शेजारीच होतास. कसं दिसत होतं त्यांचं तोंड?"

सबंध रस्ताभर मी त्यांच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"शांत होतं, वैनी," मी म्हणालो. "झोपल्यावानी."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, विभूती हारांनी पुसली तर नव्हती ना? मी म्हणालो, नाही, तशीच होती. पुढे त्या आणखी विचारत गेल्या, आणि मी सांगत गेलो.