बाईच्या गाडीचं तेल

माझी मोठी बहीण, जिला आम्ही सगळे बाईच म्हणतो, कामठ्याला राहते आणि दोन माणसांची, बिनटपाची, जुनी विलायती लाल गाडी चालवते. गाडी भाटव्यांनी, म्हणजे बाईच्या नवऱ्यानं, हौसेनं घेतली होती. त्यांचे गुडघे गेले, तेव्हा पन्नाशी उलटलेल्या बाईनं तिच्यावर हात बसवला. तेव्हापासून बाजार असो, दवाखाना असो, ती कोणाच्या तोंडाकडं पाहत नाही.

पावसाळाभर उभी असलेली ती गाडी दिवाळीनंतर बाहेर काढली आणि पोर्चमधल्या नव्या फरशीवर तेल गळायला लागलं. भाचा वैतागला. "मामा, आठ दिवसांत थांबलं तर ठीक. नाहीतर भंगारवाला येईल. आईला मी सोडत जाईन ना, कुठं जायचं तिथं."

सोडत जाईन म्हणे! याला स्वतःला धड जेवायला फुरसत नाही. बाईचं तोंड एवढंसं झालं. मला भाच्याचा असा राग आला की मी छाती ठोकून सांगितलं, "आठ कशाला? चार दिवस बस."

मुर्रीला माझं गॅरेज आहे. ट्रॅक्टर आणि पंपाच्या इंजिनांत तीस वर्षं काढली. आवाजावरून दुखणं सांगतो, आणि यात नम्र होण्यासारखं मला काही वाटत नाही. गाडी आणली, बाईही सोबत राहायला आली. मी खाली शिरलो आणि मागच्या, तेल अडवणाऱ्या सीलकडं बोट दाखवलं. बाई बाजूला उभी होती.

"अगा, पावसाळ्याआधी गाडी ठेवली तेव्हा तू..."

"बाई, तू चहाचं बघ. इंजिनातलं तुला काय समजते?"

ती चहा ठेवायला गेली. मी गिअरबॉक्स उतरवून सील बदललं. तेल गळतच राहिलं. वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं, तरी तेच. मग मी सील विकणाऱ्याला शिव्या घातल्या, भाटव्यांनी कधीकाळी टाकलेल्या तेलाला नावं ठेवली, आणि शेवटी इंजिन बनवणाऱ्या गोऱ्यांचा उद्धार केला. चार दिवसांचे सहा झाले. खरं सांगतो, सहाव्या दिवशी मी घाबरलो होतो.

सातव्या दिवशी इंजिन रॉकेलनं लख्ख धुतलं आणि बाईकडून तांदळाचं पीठ मागवून चारी बाजूंनी भुरभुरलं. तेल जिथून निघेल तिथं पीठ ओलं होणार. गाडी चालू केली. पाहतो तर पुढं ओलं, मागं ओलं, तेल मोजायच्या सळईपाशीही ओलं. म्हणजे सगळीच सीलं एकदम खराब झाली? असं कुठं असते का! मी तेलाचं झाकण काढलं तर तोंडावर फस्सकन वाफ आली.

इंजिनाचा श्वास कोंडला होता. आतली हवा बाहेर सोडायची एक नळी असते, ती बंद झाली की दाब तेलाला मिळेल त्या फटीतून ढकलतो. मी नळी काढली, आत तार घातली आणि ओढलं. निळ्या चौकटीच्या गमछ्याच्या तुकड्याचा बोळा बाहेर आला.

गमछा माझा होता. मागच्या वर्षीच्या भाऊबीजेला बाईनंच दिलेला. आमच्याकडं धान निघाल्यावर पंपाचं इंजिन झाकून ठेवताना नळ्यांत चिंध्या कोंबतात, नाहीतर कुंभारमाशी आत मातीचं घर बांधते. पावसाळ्याआधी बाईच्या गाडीलाही मी तसेच दोन बोळे कोंबले होते. धुराच्या नळीतला आठवणीनं काढला. हा विसरलो.

लपवता आलं असतं. पण बाई समोरच उभी होती.

"बाई, हा माझाच."

"माहीत आहे मले. पहिल्याच दिवशी तेच सांगून राहिली होती. तू चहा करायले पाठवला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी बाईनं मला बाजूला बसवून कोहमाऱ्यापर्यंत गाडी नेली. ढाब्यासमोर थांबली आणि पिशवीतून जुना पेपर काढून माझ्या हातात दिला. मी तो इंजिनाखाली पसरला. आम्ही निवांत जेवलो. मग मी वाकून पाहिलं. एक थेंब नव्हता. बाईनं तिथूनच मुलाला फोन लावला.

"भंगारवाल्याले नको म्हण. आणि मले सोडायले येऊ नको, मी मामाले सोडून येतो."

फोन ठेवून ती माझ्याकडं वळली. "काऊन गा, आता कोणाले काय समजते?"

मी वाकून कोरडा पेपर उचलला. त्याची घडी केली आणि गाडीत तिच्या बाजूला जाऊन बसलो.