बधिर गालाची पट्टी

माझी मुलगी ज्यांच्याकडे एअर रायफलची गालपट्टी करून घेते, ते खरं तर बूट करतात. तेही बाजारातल्या मापात न बसणाऱ्या पायांसाठी. बऱ्याच गिऱ्हाइकांना एकच बूट लागतो, म्हणून सगळी गल्ली त्यांना ‘अर्धाजोड’ म्हणते. तेही त्या नावाला ओ देतात.

जिन्याखालची खोली हेच त्यांचं दुकान. भिंतीवर पायांच्या आकाराचे लाकडी कलबूत टांगलेले असतात. खिडकीशी त्यांचा थोरला भाऊ स्टुलावर बसतो, एक पाय लांब करून. साखरेच्या आजाराने तो पाय बधिर झालाय. एकदा बुटातली शिवण अंगठ्याला घासत राहिली, त्याला कळलंच नाही, आणि अंगठा काढावा लागला. बूट अर्धाजोडांच्या हातचा होता. तेव्हापासून बधिर पायाच्या बुटाला ते आतून शिवण ठेवत नाहीत. हे मला भावानेच सांगितलं, आज उकडतंय म्हणावं तसं.

मुलीच्या उजव्या गालातली गाठ काढली, तेव्हा एक नस कापावी लागली. गाल दिसायला पूर्वीसारखाच आहे, पण त्याला काही कळत नाही. जेवताना तिथे शीत चिकटलं तर मी खूण करते. नेमबाजीत गाल रायफलच्या दस्त्यावर दर वेळी एकाच जागी टेकावा लागतो, तरच डोळा नेम धरायच्या मागच्या छिद्रासमोर नीट येतो. तिला गाल कुठे टेकलाय हेच समजेना. क्लबच्या संघातली तिची जागा पुढच्या चाचणीवर अवलंबून होती. प्रशिक्षक म्हणाले, दस्त्याला चामड्याची पट्टी बसवून बघा.

अर्धाजोडांनी मऊ कातड्याची पट्टी केली. आत लोकरीचा जाड नमदा, शिवण सगळी खालच्या बाजूला, बुटासारख्या नाडीने दस्त्याला आवळलेली. बोट फिरवलं तर कुठे अडत नव्हतं. मला ती फार आवडली. मुलगी सरावाहून निशाण्याचा कागद घेऊन आली. कागदावर छऱ्यांची भोकं सगळीकडे पसरली होती. मला वाईट वाटायला हवं होतं; सुटल्यासारखं वाटलं. मी दूध तापवत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दुकानात.

“काका, गुळगुळीत नको. गालाला अडेल असं काहीतरी द्या. वरून शिवण घाला.”

“बधिर जागी मी शिवण घालत नाही.”

“घासेल, एवढंच ना?”

“घासेल, आणि तुला कळणार नाही. विचार याला.”

“मला कशाला मध्ये ओढतोस?” भाऊ म्हणाला. “माझा अंगठा काही नेमबाज नव्हता.”

अर्धाजोड माझ्याकडे वळले. “ताई, तुमचं काय म्हणणं?”

मला नको म्हणायचं होतं. 

“आईला विचारू नका,” मुलगी म्हणाली. “तिचं चाललं तर ती मला आंघोळीलासुद्धा हेल्मेट घालून पाठवेल.”

भाऊ हसला. मग म्हणाला, “अरे, सगळा गाल गेलाय का तिचा? माझा पाय घोट्यापर्यंत गेलाय. त्याच्या वर डास बसला तरी कळतो. तिचा काठ कुठे आहे तो शोध की.”

अर्धाजोडांनी मुलीला जवळ बोलावलं. मग चामडं टोचायची आरी उलटी धरून त्यांनी तिची लाकडी मूठ पुढे केली. मुलीने डोळे मिटले.

“इथे?”

“नाही.”

“इथे?”

“नाही.”

मला वाटत होतं, नाण्याएवढीच जागा बधिर असेल. मूठ गालभर फिरली. ती नाही, नाही म्हणत राहिली आणि मी कलबुतांकडे बघत राहिले. जबड्याच्या हाडाशी आल्यावर ती म्हणाली, “हो.” तिथे त्यांनी खडूचा ठिपका दिला. असे ठिपके देत गेले तशी कानाखालून हनुवटीकडे एक रेघ तयार झाली. मग तिला रायफल खांद्याला लावायला सांगितलं. खडू पट्टीवर उतरला.

त्या खुणेवर त्यांनी आत सुतळी भरून उंच शिवण घातली. मुलीने डोळे मिटून गाल टेकवला, उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले.

“छिद्र समोरच येतंय, काका.”

“रोज गाल आईला दाखवायचा. नाहीतर पट्टी काढून घेईन.”

“म्हणजे घरातच पोलीस चौकी.”

“हो,” ते म्हणाले. ते हसले नाहीत.

आज चाचणी झाली. तिची जागा राहिली, अगदी शेवटची. घरी आल्यावर मी तिला दिव्याखाली बसवलं. जबड्यावर शिवणीची लाल रेघ उमटली होती. मी त्यावर बोट ठेवलं.

“दुखतंय?”

“हो, आई. हात काढ ना.”

मग मी बोट जरा वर, गालावर सरकवलं. ती मोबाइल बघत होती, मैत्रिणींचे निरोप वाचून हसत होती. मी बोट तिथेच ठेवलं.