दादांचं विवरणपत्र

दादा लिफ्टचे मेकॅनिक होते आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होते. यावर जिन्यातल्या सगळ्या शेजाऱ्यांनी हसून घेतलं होतं, आणि सगळ्यात जास्त हसले होते ते स्वतः दादाच. माणूस मोठा बोलका. कुठे लिफ्ट अडकली आणि आत माणसं असली, की कंपनीचे साहेब म्हणायचे, दादांना पाठवा, दुरुस्ती काय कोणीही करील. बाकीचे वर मोटारीशी झटापट करत असताना दादा बंद दाराशी उकिडवे बसून आतल्या माणसाशी गप्पा मारायचे. एकदा आत अडकलेल्या, रडवेल्या झालेल्या बाईंकडून त्यांनी दाराच्या फटीतून मोज्यांची वीण विचारून घेतली होती. घरी येऊन ती त्यांनी बायकोला जशीच्या तशी सांगितली, आणि मोजे चांगले झाले.

सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून त्यांची बायको आपोआप सगळ्यांची वहिनी झाली. वहिनी घरच्या घरी कपड्यांची दुरुस्ती करायच्या. पँट आखूड करून देणं, चेन बदलणं, बारीक झालेल्यांचे कपडे आत घेणं, आणि सुटलेल्यांचे, शिवणीत कापड उरलं असेल तर, सैल करणं. मशीन खिडकीशी होतं, दादांचा संगणक त्याच्या शेजारच्या टेबलावर. दोघांची पाठ दाराकडे, तोंडं उजेडाकडे.

एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता दादा बाजूला कलंडले. दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा उजवा हात लोंबत होता, पाय ओढावा लागत होता, आणि एवढ्या बोलक्या माणसाजवळ एकच शब्द उरला होता. तो शब्द म्हणजे ‘बरं’. पाणी हवं तरी बरं, नको तरी बरं. दिवा लाव, बरं. खिडकी बंद कर, बरं. आणि कधी कधी भिंतीकडे बघत, कोणी काही विचारलेलं नसताना, नुसतंच बरं.

त्यांना बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा जिने चढून यायच्या. जाताना त्या दारात वहिनींना म्हणायच्या, “आत सगळं शाबूत आहे हो. शब्द आहेत, फक्त बाहेर यायची वाट बुजली आहे. मोकळे प्रश्न विचारू नका. दोन गोष्टी समोर ठेवा आणि बोट दाखवू द्या. आणि थांबा. उत्तराला वेळ द्या.”

वहिनी मान हलवायच्या. पण घर चालवायचं, गिऱ्हाइकांचे कपडे वेळेवर द्यायचे, त्यात थांबणार कोण? विचारायचं, मग त्यांची धडपड बघत उभं राहायचं, मग ओठ थरथरून तोच शब्द यायचा आणि त्यांचा चेहरा पडायचा. हळूहळू वहिनींनी विचारणंच सोडलं. चहात साखर घालून कप पुढे ठेवायचा, सदरा काढून द्यायचा, दिवा मालवायचा. दादा सगळं करून घेत होते, पण दिवसेंदिवस खुर्चीत खाली खाली घसरत होते.

अशात कराचे दिवस आले.

तिथल्या नियमाप्रमाणे नवरा-बायको दोघांचं आयकराचं विवरणपत्र एकत्र जायचं, आणि ते काम दादांचं. दरवर्षी ते नवं सॉफ्टवेअर आणून संगणकावर चढवायचे आणि मग एक अख्खी दुपार त्या पडद्याशी भांडायचे. “अरे, आत्ताच सांगितलं ना तुला, मला शेती नाही म्हणून! काय बहिरा आहेस का?” शेजारी मशीनवर वहिनींना हसू आवरायचं नाही.

दूरच्या शहरात राहणाऱ्या लेकीचा फोन आला. “आई, कशाला डोक्याला ताप? सल्लागाराकडे दे ना टाकून.”

म्हणून वहिनी दादांना घेऊन सल्लागाराच्या कचेरीत गेल्या. जिने उतरतानाच त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. सल्लागार माणूस वाईट नव्हता. त्याने खुर्ची दिली, कागद नीट चाळले. मग दादांकडे न बघता वहिनींना विचारलं, “यांना समजतं का काही? म्हणजे, सही वगैरे?”

दादा म्हणाले, “बरं.”

सल्लागाराने समजुतीने मान हलवली. वहिनींनी टेबलावरचे कागद एकावर एक रचले, चिमटा लावला आणि म्हणाल्या, “आम्ही जरा विचार करून येतो.”

घरी आल्यावर दम लागलेल्या दादांना त्यांनी खुर्चीत बसवलं आणि ती खुर्ची भिंतीपासून ओढून संगणकापुढे आणली. आपलं शिलाईचं स्टूल शेजारी घेतलं. “त्या सल्लागाराला येतं ते मला येणार नाही का,” असं त्या पुटपुटल्या खऱ्या. संगणकाला त्यांनी आजवर हात लावला होता तो फक्त धूळ पुसायला. पासवर्ड मात्र त्यांना माहीत होता. चिठ्ठीवर लिहून दादांनी तो पडद्यालाच चिकटवलेला होता.

सॉफ्टवेअर सुरू झालं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत प्रश्न आला: मागच्या वर्षीची माहिती आणायची का? खाली दोन बटणं. हो. नाही.

वहिनी वाचतच राहिल्या. दोन गोष्टी समोर ठेवा, म्हणाल्या होत्या डॉक्टरीणबाई. इथे तर कोणीतरी आधीच ठेवल्या होत्या. त्यांनी दादांचा डावा हात उचलून टेबलावर ठेवला. “अहो, वाचा बरं. आणायची का?”

दादांनी वाचलं. बराच वेळ लागला. मशीनवर अर्धवट राहिलेली पँट वहिनींना दिसत होती, पण त्या हलल्या नाहीत. मग डावं बोट उठलं, हवेत जरा भरकटलं, आणि ‘हो’वर टेकलं. काचेवर ठसा उमटला.

“हो,” वहिनी म्हणाल्या आणि माउस दाबला.

त्या दिवसापासून दुपारी मशीन बंद राहू लागलं. जेवण झालं की दोघं पडद्यापुढे बसायची. वहिनी प्रश्न मोठ्याने वाचायच्या, दादा बोट दाखवायचे. भाड्याने दिलेलं घर आहे का? नाही. परदेशातून मिळकत? नाही. या ‘नाही’वर दादांनी बोट असं आपटलं, की पडदा मागे झुकला. कामाच्या खर्चाच्या पानावर वहिनी सुया, दोरे, मशीनचं तेल लिहीत होत्या, तेव्हा दादांनी दोनदा खिडकीतल्या दिव्याकडे बोट केलं. वहिनींना उमगेना. तिसऱ्यांदा उमगलं: शिवणकाम घरात चालतं, म्हणजे विजेच्या बिलाच्या थोड्या वाट्याचीही वजावट मिळते. “हे मला कधी बोलला नव्हतात,” त्या म्हणाल्या. दादांनी भुवई उंचावली. बोलले असणार हजारदा, आणि मशीनच्या आवाजात वहिनींनी ऐकलं नसणार.

मग एक पान आलं, त्यावर लिहिलं होतं: गेल्या वर्षात आपल्या आयुष्यात पुढीलपैकी काही घडलं का? खाली ओळीने चौकोन. विवाह. अपत्यजन्म. नवं घर. नोकरी सुटणं. दीर्घ आजार. जोडीदाराचा मृत्यू.

वहिनींना ते पान मोठ्याने वाचवेना. शेवटच्या ओळीवर नजर गेली आणि दवाखान्यात ज्यावर बसून वाट बघितली ते बाकडं आठवलं. ती ओळ थोडक्यात टळली होती, अगदी थोडक्यात. त्यांनी पटकन ‘दीर्घ आजार’वर बाण नेला, इतक्यात दादांचं बोट पुढे आलं आणि दुसऱ्याच चौकोनावर टेकलं.

अपत्यजन्म.

“नाही हो,” वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. “ते नव्हे. खाली बघा.”

बोट हलेना. उलट त्याच चौकोनावर दोनदा टकटक केलं. वहिनींनी माउस सोडला. म्हणजे यांना वाचताच येत नाही की काय? इतके दिवस आपण नुसतं मनाचं समाधान करून घेतलं? त्यांनी वळून दादांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडाची एक बाजू आजारापासून खालीच असायची. दुसरी बाजू मात्र वर चढत चालली होती आणि डोळे बारीक झाले होते.

“अगबाई,” वहिनी म्हणाल्या. “या वयात? जनाची नाही तर मनाची तरी ठेवा थोडी.”

दादांचे खांदे हलायला लागले. आवाज फारसा नव्हता, पण ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. वहिनीही हसल्या. मग त्यांनी चष्मा काढला, दादांच्या बंडीवर कपाळ टेकलं आणि ते हसणं कधी रडण्यात गेलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. दादांचा डावा हात त्यांच्या डोक्यावर येऊन राहिला. आतला माणूस आत होता. दाराशी बसून बोलत राहणारंच कोणी नव्हतं इतके दिवस, एवढंच.

त्यानंतर वहिनी घरात पुन्हा विचारायला लागल्या. दोन सदरे समोर धरायच्या. हा की तो? चहात साखर किती? खिडकी उघडी की बंद? आणि थांबायच्या. गिऱ्हाइकांना त्यांनी सरळ सांगून टाकलं, या महिन्यात कपडे उशिरा मिळतील, घाई असेल त्यांनी दुसरीकडे जावं. फारसं कोणी गेलं नाही.

शेवटच्या पानापर्यंत यायला बरेच दिवस लागले. तिथे प्रश्न होता: पहिला करदाता विवरणपत्राची पुष्टी स्वतः करणार, की त्याच्या वतीने दुसरी व्यक्ती? स्वतः करायची तर आपलं पूर्ण नाव टाइप करायचं होतं. वहिनींनी दादांच्या लोंबत्या हाताकडे पाहिलं. कशाला आणखी त्रास द्यायचा, असं वाटून त्यांनी न विचारताच ‘दुसरी व्यक्ती’ निवडलं आणि पुढे गेल्या.

“मागे.”

वहिनींना वाटलं, जिन्यात कोणी बोललं. दादांचा चेहरा लाल झाला होता. ओठ जुळत होते, सुटत होते.

“काय म्हणालात?”

“मा... मागे.” आणि बोट पडद्याच्या कोपऱ्यावर. तिथे बटणावर तोच शब्द लिहिलेला होता.

वहिनी मागे गेल्या. दादांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग पडद्यावरच्या ‘स्वतः’वर.

“चुकलं माझं,” वहिनी म्हणाल्या. “मीही त्या सल्लागारासारखंच केलं.” त्यांनी कीबोर्ड दादांच्या मांडीपाशी सरकवला आणि हात स्वतःच्या पदरात घट्ट धरून बसल्या, कारण मदत करायला ते शिवशिवत होते. दादांनी डाव्या हाताच्या एका बोटाने आपलं नाव लिहिलं. अक्षर शोधायचं, दाबायचं, चुकलं की पुसायचं. एकदा तर आडनावच अर्धं गेलं आणि पुन्हा आलं. ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर गेलं तेव्हा नाव पुरं झालं. खाली वहिनींनी आपलं लिहिलं, आणि विवरणपत्र गेलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा दादांनी त्यांना ‘मागे’ म्हणून दाखवलं, ‘पुढे’ म्हणून दाखवलं, आणि बराच जोर लावून ‘वजावट’ही. बाई खाली बसल्या. “इतकी वर्षं हे काम करते आहे मी. माणसं आधी पाणी म्हणतात, आई म्हणतात. वजावट म्हणणारा पेशंट पहिल्यांदाच बघते.”

“ते पहिल्यापासूनच असे आहेत,” वहिनी म्हणाल्या.

महिन्याभराने करखात्याचा निरोप आला, सगळं बरोबर आहे म्हणून. लेकीला फोनवर ते कळलं तेव्हा तिने विचारलं, भरलं कोणी? वहिनींनी फोन दादांच्या कानाला लावला. पलीकडे लेक वाट बघत राहिली, वहिनीही थांबल्या. दादांनी श्वास घेतला, वहिनींकडे पाहिलं आणि म्हणाले, “दोघांनी.”