मी म्हणजे कोण?

परवा दुपारी बेल वाजली. मी आतूनच विचारलं, "कोण?" बाहेरून उत्तर आलं, "मी!" आणि मी दार उघडलं. शेजारच्या काकू ताईसाठी मऊ भात घेऊन आल्या होत्या. आपल्याकडे नाव सांगतं कोण? आवाज ओळखीचा वाटला की कडी निघते.

ताईच्या कॅन्सरच्या गाठीचंही असंच झालं. डॉक्टर म्हणाले, शरीरातल्या पहारेकरी पेशी बिघडलेल्या कितीतरी पेशी गुपचूप संपवत असतात. पण ही गाठ शरीरातूनच उपजलेली. पहारेकरी जवळ आला की ती घरच्या आवाजात "मी" म्हणते आणि तो माघारी फिरतो. मला काही त्या बिचाऱ्या पहारेकऱ्यांचा राग येईना. घरच्यांवर संशय कसा घ्यायचा? नवं औषध त्यांना म्हणे एवढंच सांगतं: त्या "मी"ला भुलू नका.

काल त्या औषधाचं पहिलं सलाइन झालं. आज मी संत्री घेऊन परतलो, बेल वाजवली. आतून ताईचा थकलेला आवाज आला, "कोण?"

"मी."

दार उघडेना. मग ती हसून म्हणाली, "मी म्हणजे कोण?"

दाराबाहेर उभं राहून, आयुष्यात पहिल्यांदाच, मी सख्ख्या बहिणीला माझं पूर्ण नाव सांगितलं.