छातीवरचा पेपर

आमचा दूधवाला हिवाळ्यात पहाटे देवळीकडून मोटरसायकलवर येतो. दारात आला की आधी स्वेटरच्या आतून कालचा पेपर काढतो, झटकतो, घडी करून कॅनच्या झाकणाखाली खोचतो आणि मगच माप हातात घेतो. इतकी वर्षं मला त्याची दया येत होती.

मी लडाखला निघालो, तेव्हा सामानाची चार पानी छापील यादी त्याला मुद्दाम वाचून दाखवली. तीन थरांचं जॅकेट, दोन कानटोप्या, लोकरीचे मोजे वगैरे.

"याच्यात पेपर कुठी आहे?" त्याने विचारलं. "थंडी सोसते सर, हवा नाई सोसत. छातीले पेपर लावजा."

मी मोठ्या मनाने हसलो. देवळीच्या माणसाने मला लडाखचा वारा शिकवावा!

तिथे खिंडीत गाडीतून उतरलो आणि वारा त्या महागड्या जॅकेटच्या चेनमधून थेट बरगड्यांत शिरला. जवळ कागद म्हणजे तेवढी यादीच होती. चारही पानं मुकाट्याने स्वेटरखाली कोंबली, तेव्हा कुठे दात वाजायचे थांबले.

परतल्यावर त्याला खरं सांगून टाकलं. दूध ओतता ओतता तो म्हणाला, "यादी आणखी लांब कराले पाहिजे होती सर. पाठीलेही पुरली असती."